कपाळाला लावलेला बॉल

शैलाताईला राग आला की ती उभी राहायची नाही, उकिडवी बसायची. सुपरमार्केटात तांदळाच्या पोत्यांसमोर, स्टेशनच्या प्लॅटफॉर्मवर, एकदा तर बँकेत मॅनेजरच्या टेबलापुढे. टाचा उचललेल्या, डावा हात पुढे, उजवा पाठीमागे. समोरचा माणूस गोंधळून विचारायचा, "आर यू ओके?" ही खालूनच म्हणायची, "आय अ‍ॅम व्हेरी ओके. यू टॉक."

"कॅचर होते मी," एवढाच तिचा खुलासा. जळगावच्या कॉलेजची, मग विद्यापीठाच्या टीमची. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची धाकटी बहीण. पिचर गोल सर्कलमधून हात पूर्ण गरगरा फिरवून खालून बॉल टाकते, बॅटवाली मारते, आणि तिच्या मागे तोंडाला जाळीचा मास्क लावून जी उकिडवी बसलेली असते ती कॅचर. विकेटकीपरसारखी, पण विकेटकीपरहून मोठी. कुठला बॉल टाकायचा ते ती बोटांनी सांगते. सगळं मैदान फक्त तिलाच समोर दिसतं. बाकीच्या आठजणी तिच्याकडे तोंड करून उभ्या असतात. शैलाताईच्या उजव्या हाताची तीन बोटं तीन दिशांना जायची. त्यांना ती "माझी सर्टिफिकेटं" म्हणायची.

मी ऑस्ट्रेलियात शिकायला आले आणि तिच्या घरी भाडेकरू झाले. मॉसन लेक्सला युनिव्हर्सिटी पायी दहा मिनिटांवर आणि शैलाताईची मागची खोली रिकामी. तिचे मिस्टर, म्हणजे तिच्या भाषेत "आमचे बोरसे", कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनियर. पंधरा दिवस तिकडे, आठवडाभर इकडे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आई घरी कांड्या भरायची. आमच्या सगळ्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही सांगते, कारण सांगायला मला आवडतं. माझ्या पदवीदानाला घरचं कोणी येणं शक्य नव्हतं. नाव पुकारल्यावर त्या गंभीर हॉलमध्ये दोन वाकडी बोटं तोंडात घालून कोणीतरी अशी शिट्टी मारली की कुलगुरूंच्या हातातली गुंडाळी हलली. तेव्हापासून मी तिच्यासाठी "इंजिनियर". "काय गं इंजिनियर, काय करू राहिली? झेल!"

आणि लिंबू यायचं. तिच्या घरात वस्तू हातात द्यायची पद्धत नव्हती. लिंबू, किल्ल्या, रिमोट, कोथिंबिरीची जुडी, सगळं हवेतून. "डोळे वर!" ती म्हणायची. "खाली बघून जगायला आलीस का इथवर?"

तिची एक गोष्ट इथले लोक अजून हसून सांगतात. मी हसत नाही, कारण मी तिथे होते. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची मीटिंग. रविवारी सकाळी शैलाताई मुलींची सॉफ्टबॉलची प्रॅक्टिस घ्यायची. अध्यक्ष म्हणाले, "ताई, महिनाभर तुमचं ते बॅटबॉल जरा बाजूला ठेवा. मुलींचा डान्स बसवायचाय. मुलांचं क्रिकेट काय, ते शनिवारी असतं, त्याला धक्का नको." शैलाताई खुर्चीवरून उतरली आणि सतरंजीवर उकिडवी बसली. समोर पूजेच्या सामानाची पिशवी. तिने नारळ काढला. "अध्यक्ष," ती म्हणाली, "झेला!"

अध्यक्षांनी झेलला नाही. बाजूला उडी मारली. नारळ भिंतीवर फुटला, पाणी हिशेबनीसांच्या लॅपटॉपवर.

"बघा," शैलाताई म्हणाली. "आमच्या दहा वर्षांच्या पोरीने झेलला असता."

रविवारची प्रॅक्टिस राहिली.

ती दहा वर्षांची पोरगी म्हणजे ईशा. शैलाताई एका शाळेच्या आफ्टर स्कूल केअरमध्ये नोकरीला होती. शाळा सुटल्यावर ज्यांचे आईबाप ऑफिसात अडकलेले असतात ती पोरं संध्याकाळपर्यंत तिच्या ताब्यात. नितीन आणि प्राजक्ता साने दोघेही आयटीतले, पुण्याचे. ईशा त्यांची एकुलती एक. पोरगी कोपऱ्यात बसून रंगवत असायची. एकदा शैलाताईने न सांगता तिच्याकडे संत्रं फेकलं. ईशाने डाव्या हाताने झेललं आणि उजव्याने परत फेकलं, खालून. शैलाताईने ते संत्रं खाल्लं नाही. घरी आणून मला दाखवलं. "हे बघ," म्हणाली, जसं काही त्या संत्र्यावर लिहिलेलं होतं.

मग आठ वर्षं. आठवड्यातून तीनदा, घरामागच्या पार्कात, ईशा बॉल टाकते आहे आणि पन्नाशीकडे निघालेली शैलाताई उकिडवी बसून झेलते आहे. तिचे गुडघे उठताना वाजायचे. त्यांना ती दटावायची, "गप्प बसा रे, सगळ्यांचं ऐकून घ्यायला मी रिकामी नाही." माझी नोकरी लागली, मी दुसरीकडे राहायला गेले, तरी रविवारी पार्कात जायचे. कधी ताईचे गुडघे संपावर गेले की मास्क मला.

मास्क दिला त्या दिवशी तिने मला खूण सांगितली. टीमच्या सगळ्या मुलींना ती माहीत होती, बाहेर कोणालाच नाही. पिचरने बॉल ग्लव्हमध्ये धरून कपाळाला लावला तर त्याचा अर्थ, हात दुखतोय, ये. "मग कॅचरने टाइम मागायचा आणि उठायचं. विचार करायचा नाही, कोचकडे बघायचं नाही. जायचं. आणि गेलीस की मास्क वर कर. जिला दुखतंय तिला तुझं तोंड दिसलं पाहिजे."

"कपाळालाच का?"

"आमच्या कॉलेजला सर होते. मैदानात 'दुखतंय' म्हटलं की घरी पाठवायचे. कायमचं. 'बाईमाणूस आहात ते आधी विसरा,' म्हणायचे. मग आम्ही हे काढलं. सरांना वाटायचं पोरी बॉलला नमस्कार करतात. खूश व्हायचे! दुसऱ्या टीमला सांगायचे, बघा, आमच्या मुली कशा श्रद्धेने खेळतात." ती हसली, मग एकदम हसायची थांबली. "गाढव माणूस."

ईशाला अमेरिकेतल्या एका कॉलेजची स्कॉलरशिप मिळाली तेव्हा मंडळाने सत्कार केला. अध्यक्षांनी भाषणात 'आपली ईशा' चौदा वेळा म्हटलं असेल. आईवडिलांच्या त्यागाबद्दल बोलले, पुणेरी बुद्धीबद्दल बोलले. शैलाताईला स्टेजवर बोलावलं ते फुलांची परडी धरायला. ती परडी धरून उभी राहिली. तेव्हाच मला तिथून उठून जायचं होतं.

अमेरिकेतल्या कॉलेजांचा सॉफ्टबॉलचा सीझन फेब्रुवारीत सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो. तिकडची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची सकाळ. नितीनच्या घरी मोठ्या टीव्हीवर मॅच लागायची. प्राजक्ता पोहे करायची, पंधरावीस माणसं जमायची. पहिल्या वर्षी ईशा बहुतेक बाकावरच बसून होती. दुसऱ्या वर्षी त्यांची मुख्य पिचर कॉलेज सोडून गेली आणि सगळा भार ईशावर आला. शुक्रवारी ईशा, शनिवारी ईशा, रविवारी परत ईशा. मधल्या वारी बसने दुसऱ्या राज्यात, तिथेही ईशा. जिंकत होते. प्रत्येक विजयाला मंडळाच्या ग्रुपवर फटाके उडायचे.

शैलाताई टीव्हीच्या अगदी जवळ, जमिनीवर बसायची. मॅचभर तिची बडबड. सगळ्यात जास्त राग तिला तिथल्या कॅचरचा यायचा. तिकडे कुठला बॉल टाकायचा ते कोच बाकावरून आकड्यात ओरडून सांगतो, कॅचर मनगटावरच्या पट्टीत तो आकडा बघते आणि पिचरला कळवते. म्हणजे प्रत्येक बॉलआधी कॅचरची मान कोचकडे.

"ही कॅचर आहे की कुरिअरवाली?" शैलाताई म्हणायची. "अगं समोर बघ! समोर पोरगी उभी आहे तुझ्या!"

"ताई, तिकडे सगळं सायंटिफिक असतं," नितीन म्हणायचा.

एप्रिलमधली एक सकाळ. पोह्यांच्या प्लेटा फिरत होत्या. चौथी इनिंग, ईशाची टीम एका रनने पुढे. कॅमेरा ईशावर आला. तिने बॉल ग्लव्हमध्ये घेतला, डोळे मिटले आणि ग्लव्ह कपाळाला लावला.

"अय्या, बघितलंत?" प्राजक्ता ओरडली. "नमस्कार केला!"

खोलीत टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या. "याला म्हणतात संस्कार," अध्यक्ष म्हणाले, तोंडात पोहे. "अमेरिकेत जाऊनसुद्धा पोरगी विसरली नाही." कोणीतरी मोबाईलवर टीव्हीचा व्हिडिओ घेतला.

शैलाताई उभी राहिली.

रागावली असती तर आणखी खाली बसली असती. ती उठली, गुडघे वाजले, आणि ती टीव्हीकडे दोन पावलं चालत गेली, जणू काचेतून पलीकडे जाता येणार होतं. पडद्यावर कॅचर बाकाकडे बघत होती. आकडा आला. ईशाने बॉल टाकला. पुढच्या बॉलआधी पुन्हा ग्लव्ह कपाळाला. पुन्हा टाळ्या. त्याच्या पुढच्या बॉलआधी पुन्हा.

"नितीन, कोचला फोन लाव."

"आत्ता? ताई, मॅच चालू आहे."

"म्हणूनच लाव. हात गेलाय तिचा. ती खूण आहे."

"खूण कसली, नमस्कार आहे तो. लहानपणापासून करते ती."

"लहानपणापासून करते कारण मी शिकवलाय!"

प्राजक्ता हातातली प्लेट खाली ठेवत म्हणाली, "दुखत असतं तर तिने मला सांगितलं नसतं का? आई आहे मी तिची. काल रात्रीच बोललोय आम्ही."

"सांगतेय ना. आत्ता तुझ्यासमोर तीनदा सांगितलं. तू टाळ्या वाजवल्यास."

हे कठोर होतं. खरंही होतं. अध्यक्षांनी मध्यस्थी केली. "त्या लेव्हलला थोडंफार दुखणारच, ताई. आपलं जळगाव नव्हे ते." आणि नितीन, जो स्वतः पाठ दुखते म्हणून उभं राहायचं टेबल मागवून घेतो, तो म्हणाला, "किती मुलींना अशी संधी मिळते? स्कॉलरशिप दर वर्षी नव्याने ठरते. आत्ता कुरकुर केली तर संपलं. तिने थोडं सहन करावं."

संधी. मला या शब्दाची चीड आहे. मी पहिल्या नोकरीत दहा-दहा तास राबत होते तेव्हा मलाही हेच ऐकवलं होतं, आपल्याच माणसांनी. संधी मिळाली आहे ना, मग गप्प बस. ज्यांना सगळं सहज मिळतं त्यांच्या बाबतीत कोणी संधी म्हणत नाही. तो शब्द फक्त आमच्यासारख्यांच्या तोंडावर हात ठेवायला काढतात. पण ही तर त्यांची स्वतःची मुलगी होती. स्वतःच्या मुलीच्या तोंडावर हात ठेवून हे लोक पोहे खात होते.

शैलाताई चपला घालून बाहेर पडली, मी मागोमाग. माझ्या गाडीत आम्ही मॅच संपेपर्यंत थांबलो. आतून जिंकल्याचा ओरडा ऐकू आला. थोड्या वेळाने तिने ईशाला फोन लावला, स्पीकरवर.

"हात कसाय?"

"इट्स फाइन, ताई. एव्हरीवन्स सोअर."

"मग कपाळाला का लावलास?"

मागे त्यांच्या बसचा आवाज येत होता. ईशा बारीक आवाजात म्हणाली, "आय थॉट यू माइट बी वॉचिंग."

शैलाताईने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड केलं. तिकडून ईशा म्हणत राहिली, "प्लीज डोन्ट टेल एनीवन. कोच विल बेंच मी. प्लीज, ताई."

त्यानंतर कोण काय म्हणालं याच्या इतक्या आवृत्त्या इथे फिरल्या आहेत की मी जे कानाने ऐकलं तेच लिहिते. कॉलेजच्या वेबसाइटवर टीमच्या फिजिओचा नंबर होता. शैलाताई म्हणाली, "इंग्रजी तुझं, राग माझा. लाव." मी फोनवर नीट, सभ्यपणे सगळं समजावून सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, सोमवारी बघू, शनिवार-रविवार मॅच आहेत. तेवढ्यात ताईने फोन ओढला. "नो मंडे. टुडे यू सी हर आर्म. इफ यू डोन्ट सी, आय कॉल युवर बॉस, देन हिज बॉस, देन न्यूजपेपर. आय हॅव होल डे. इट इज सॅटर्डे हिअर."

त्यांनी त्याच दिवशी बघितलं. कोपराखालच्या हाडाला तडा गेलेला होता. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून एक-दोन मॅचमध्ये हाड आरपार मोडलं असतं. हे ईशानेच नंतर आम्हाला सांगितलं, कारण तिच्या आईवडिलांनी सांगितलं नाही.

ईशाचा सीझन तिथे संपला. त्या कोचने दुसरी पिचर आणली, पुढच्या वर्षासाठी स्कॉलरशिप दिली नाही आणि ईशा घरी परत आली. आता तुम्हाला वाटेल, लोकांना राग त्या कोचचा आला असेल. नाही. राग आला शैलाताईचा. "आमच्या मुलीचं करिअर संपवलं," प्राजक्ता बोलत फिरली. "स्वतःचं काही झालं नाही ना, म्हणून," असंही कोणी म्हणालं, आणि ते माझ्यासमोर म्हणालं. त्यांना मी जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण मागेही घेत नाही. ताईला मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. आणि ईशा ग्लव्ह कपाळाला लावते आहे तो व्हिडिओ, खाली 'संस्कार' आणि जोडलेल्या हातांची रांग, तो मात्र ग्रुपवर तसाच राहिला. एकानेही आपले हात काढून घेतले नाहीत. मोडणाऱ्या हाडाला जोडलेले हात.

मग रविवारच्या मुली गळू लागल्या. एकीला ट्यूशन, दुसरीला कथक, तिसरीचं कारण सांगायचीही तसदी आईने घेतली नाही. जूनमध्ये इथली थंडी सुरू होताना पार्कात शैलाताई, मी आणि दोन ऑस्ट्रेलियन मुली, एवढेच उरलो.

मला वाटलं होतं ती चिडेल, नारळ फेकेल. एका संध्याकाळी मी गेले तर ती किचनमध्ये फ्रिजला पाठ लावून उकिडवी बसली होती. चहा गॅसवर आटून गेलेला.

"सोड गं त्या लोकांना," मी म्हटलं.

"त्यांच्यावर नाही चिडलेली मी." तिने वर बघितलं. "मीच शिकवली ना ती खूण. त्या गाढव सरांपासून लपायला काढलेली, ती मी इकडे आणून पोरींना शिकवली. इथे कोण होतं लपण्यासारखं? मीच होते ना कोच? तोंडाने सांगायला शिकवायचं सोडून मी त्यांना न सांगता सांगायला शिकवलं. आणि वर केवढा अभिमान मला."

"तुझ्यामुळेच तर कळलं."

"मी टीव्ही बघत होते म्हणून कळलं. त्या दिवशी मला शिफ्ट असती तर?" मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "झेल," आणि फेकायला हातात काहीच नव्हतं.

बोरसे कित्येक वर्षं तिला कालगुर्लीला बोलावत होते. टीम आहे म्हणून ती जात नव्हती. आता टीम नव्हती. पर्थमार्गे विमानाचं तिकीट काढलं, घर भाड्याने दिलं. ज्या शहरात तिने आपल्या डझनभर मुलींना डोळे वर करायला शिकवलं, तिथून तिला निरोप द्यायला मी एकटी होते.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही पार्कात ग्लव्ह, बॅटी पिशवीत भरत होतो. नितीनची गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच. ईशा उतरली. नितीन काच खाली करून आमच्याकडे न बघता म्हणाला, "दहा मिनिटं." ईशाला डॉक्टरांनी हलकं हलकं टाकायची परवानगी दिली होती.

"टाकू, ताई?"

शैलाताईने मास्क लावला आणि बसली. ईशाने सावकाश पाच-सहा बॉल टाकले. ताईच्या ग्लव्हमध्ये बॉल आपटल्याचा तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते. मग ईशा थांबली. बॉल ग्लव्हमध्ये घेतला. डोळे मिटले. ग्लव्ह कपाळाला लावला.

शैलाताई हलली नाही.

ईशाने डोळे उघडले. वाट बघितली. "ताई?"

"काय झालं?"

"यू नो."

"मला नाही माहिती. तोंडाने सांग."

"इट हर्ट्स. अ बिट."

"ऐकू नाही आलं."

"दुखतंय."

"मला ऐकू येऊन काय उपयोग? मी उद्या जाते. मोठ्याने!"

ईशाने बॉल खाली टाकला, ती गाडीकडे वळली, आणि आठ वर्षं ज्या मैदानात तिचा आवाज कधी कोणी ऐकला नव्हता तिथे ती पोट आत ओढून किंचाळली, "दुखतंय! बाबा, दुखतंय मला! तेव्हापण दुखत होतं!"

कुत्रं फिरवणारा एक म्हातारा थबकला. गाडीचं इंजिन बंद झालं.

शैलाताईने एक हात जमिनीला टेकला. गुडघे कडाकडा वाजले. या वेळी तिने त्यांना गप्प बसवलं नाही. ती उठली, मास्क वर केला, आणि सर्कलकडे चालू लागली.